लाल कॅलिपर आणि सांवेर रोडची भट्टी

इंदूरच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 27. गेल्या मार्चमध्ये त्यांनी पहिली गाडी घेतली, 2017 ची सेकंडहँड हॅचबॅक. दिवाळीच्या बोनसमधून अलॉय व्हील बसवली आणि तेव्हापासून चाकाच्या आऱ्यांमधून गंजलेले कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पिस्टनने पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागले. ‘नवा कोट आणि आत फाटकं बनियन’ हे त्यांचेच शब्द. चारही कॅलिपर लाल करायचेत. मित्र म्हणतो, पावडर कोटिंग कर, परत बघायला नको. सांवेर रोडवर गेट-ग्रिलचं पावडर कोटिंग करणारा एक ओळखीचा आहे, तो म्हणतो, ‘भिया, खोलने की जरूरत नहीं, पूरा का पूरा भट्टी में डाल देंगे.’ कॉलनीतला मिस्त्री म्हणतो, ब्रशने रंग मारून देतो, दुपारभराचं काम. आणि बाबा म्हणतात, ब्रेकला हात लावायचा नाही, रंगाने गाडी थांबते का? गंज पसरून ब्रेक निकामी होतील अशी धास्तीही वाचकाला आहे. फेब्रुवारीत घरच्या सगळ्यांना घेऊन ओंकारेश्वरला जायचंय, त्याआधी काम उरकायचंय. ‘रंग की पावडर, एका शब्दात सांगा,’ असं पत्राच्या शेवटी लिहिलंय.

एका शब्दात हवंय ना? रंग. कॅलिपरसाठीच बनवलेला, ब्रशने लावायचा, कॅलिपर गाडीवरच ठेवून.

पण एवढंच लिहून थांबले तर उद्या तुमचा मित्र चार गोष्टी सांगेल आणि तुम्ही सांवेर रोडला पोहोचाल. त्याच्या चारातल्या तीन गोष्टी खऱ्या असतील, म्हणूनच जरा सविस्तर लिहिते. मी पिथमपूरला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. पावडरवर माझा राग नाही, उलट प्रेमच आहे.

आधी गंजाचं बोलू, कारण तुमच्या पत्रात रंगापेक्षा भीती जास्त आहे. साध्या गाड्यांचे कॅलिपर बहुतेक बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. बीड उघडं राहिलं की एका पावसाळ्यात तांबूस होतं. तो गंज जाडजूड ओतकामाच्या बाहेरच्या अंगावर असतो आणि तिथे तो बरीच वर्षं नुसता बसून राहतो. दिसायला वाईट, कामाला निरुपद्रवी. गाडी रात्रभर पावसात उभी राहिली की सकाळी डिस्कवरही गंजाची साय धरते आणि पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये पुसली जाते, तेव्हा तुम्ही घाबरत नाही. मग कॅलिपरच्या पाठीवरच्या गंजाला का घाबरता?

घाबरायचं असेल तर तीन जागा सांगते, आणि त्या तिन्ही अलॉयच्या फटीतून दिसत नाहीत. एक, ज्या दोन पिनांवर कॅलिपर पुढेमागे सरकतो त्या. त्यांच्यावरचं ग्रीस वाळलं किंवा रबर फाटून पाणी गेलं की कॅलिपर अडकतो. दोन, कॅलिपर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटमधल्या ज्या खाचांत पॅडचे कान बसतात त्या. तिथे गंज फुगला की पॅड मोकळं सुटत नाही. आणि तीन, पिस्टनच्या तोंडावरचं धुळीचं रबर. ते फाटलं की पिस्टनवर गंजाचे खड्डे पडतात आणि ब्रेक ऑइल अडवणारं रबरी सील कापलं जातं. याची लक्षणं सोपी आहेत: एका बाजूचं पॅड जास्त झिजलेलं, ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते, किंवा थोडं फिरून आल्यावर एक चाक दुसऱ्यापेक्षा फार गरम लागतं. (हात डिस्कला लावू नका, चाकाजवळ नेला तरी कळतं.) यातलं काही असेल तर रंगाचा विषय बाजूला ठेवा आणि आधी दुरुस्ती करा. नसेल तर तुमचा प्रश्न निव्वळ शोभेचा आहे, आणि शोभेसाठी खर्च करण्यात लाज वाटायचं कारण नाही. फक्त त्याला सुरक्षेचं नाव देऊ नका. बाबांशी वाद तिथेच बिघडतोय असं मला वाटतं.

आणि एक गंमत. ‘चारही कॅलिपर’ लिहिलंय, पण एकदा खाली वाकून मागच्या चाकात बघून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांना कॅलिपर नसतो. कॅलिपर दोनच निघाले तर निम्मा खर्च इथेच वाचला.

आता भट्टी. तुमच्या पत्रातलं एकच वाक्य वाचून मी खुर्चीत ताठ बसले, ते म्हणजे ‘खोलने की जरूरत नहीं’. तो माणूस खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. गेट आणि ग्रिल खोलावे लागत नाहीत, म्हणून त्याला तसं वाटतं. पण कॅलिपर म्हणजे गेट नव्हे. पावडर कोटिंगमध्ये कोरड्या पावडरीला वीजभार देऊन ती अर्थिंग केलेल्या धातूवर उडवतात. ती चिकटून राहते, मग वस्तू भट्टीत जाते, साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला. तिथे पावडर वितळते, पसरते आणि तिच्यातली रसायनं एकमेकांत गुंफून कडक थर बनतो. धातू स्वतः त्या तापमानाला पोहोचून दहा-वीस मिनिटं तिथे राहायला हवा, नुसती भट्टीची हवा तापून भागत नाही.

त्या दहा-वीस मिनिटांत कॅलिपरच्या आत काय होईल ते बघा. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी सील असतं. तुम्ही पेडल दाबता तेव्हा पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्याबरोबर हे सील थोडं पीळ खातं. पेडल सोडलं की पीळ उलगडतो आणि पिस्टनला केसभर मागे ओढतो, म्हणूनच पॅड डिस्कला घासत राहत नाही. या साध्या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे घ्यायला वेगळी स्प्रिंग नसते, सगळी भिस्त त्या रबरावर. ते रबर गाडीतल्या उष्णतेसाठी बनवलेलं असतं, 200 अंशांच्या भट्टीसाठी नव्हे. तिथे ते कडक होईल, त्याची लवचीकता मरेल. बाहेरून कॅलिपर नवरीसारखा लालचुटूक दिसेल आणि आत ब्रेक पकडून ठेवणारं किंवा गळणारं सील बसलेलं असेल. शिवाय आत उरलेलं ब्रेक ऑइल भट्टीत वाफाळणार, पेट घेण्याचा धोका वेगळाच. तेव्हा न खोलता भट्टी हा पर्याय यादीतूनच काढून टाका. त्या दुकानदाराला बाकी कामं द्या, त्याचा गेटचा हात चांगला असेल.

म्हणजे प्रश्न रंग की पावडर असा राहतच नाही. कॅलिपर पूर्ण खोलायचा की नाही, हा प्रश्न आहे.

खोलायचं म्हटलं तर काय काय येतं? ब्रेकची नळी सुटणार, पिस्टन हवेच्या दाबाने बाहेर काढणार (आणि तो बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, बोटं पुढे ठेवणाऱ्यांची नखं मी काळी झालेली पाहिली आहेत). सील आणि रबरं फेकून नवी किट आणायची. नळीच्या बोल्टखालचे वॉशर नवे. मग सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज काढणं), फॉस्फेटिंग (थर धरावा म्हणून रसायनाची धुलाई). पावडरवाले ज्याला ‘सेव्हन टँक’ म्हणतात ती धुलाई नीट करतात की नुसतं पेट्रोलने पुसतात, हे विचारून घ्यायचं. मग झाकाझाक. पिस्टनचं भोक, सीलची खाच, पिनांची भोकं, सगळे आटे, हवा काढायच्या निपलची जागा, पॅड बसायच्या खाचा आणि बोल्टची डोकी जिथे टेकतात ती पृष्ठं, हे सगळं उष्णता सोसणाऱ्या टेपने आणि सिलिकॉनच्या बुचांनी बंद करावं लागतं. पावडरचा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉन असतो. ऐकायला काही नाही, पण सीलच्या खाचेत तेवढा थर बसला तरी हिशेब चुकतो. बोल्टच्या डोक्याखाली तो थर राहिला तर ताणाखाली हळूहळू दबतो आणि घट्ट केलेला बोल्ट आपोआप ढिला पडतो. ब्रेकच्या बोल्टबाबत हे मला अजिबात चालणार नाही.

एवढं करूनही बीड आपला स्वभाव दाखवतं. आमच्या पेंट शॉपमध्ये एकदा बाहेरून ओतलेल्या बिडाच्या ब्रॅकेटचा लॉट आला होता. धुतला, पावडर मारली, भट्टीत टाकला. बाहेर आला तेव्हा प्रत्येक ब्रॅकेटला देवी आल्यासारखे फोड. ओतीव लोखंडाच्या बारीक छिद्रांत तेल आणि हवा अडकलेली असते, भट्टीत ती फुगते आणि मऊ झालेल्या थरातून बाहेर पडते. पूर्ण लॉट परत घासावा लागला, आणि माझ्या वरिष्ठांनी त्या दिवशी मला जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही. इलाज सोपा होता: पावडर मारायच्या आधी कोरी वस्तूच भट्टीत ठेवायची, पावडरच्या तापमानापेक्षा जरा जास्त, म्हणजे आतला वायू आधीच निघून जातो. गेटवाल्याला याची सवय नसते, कारण गेट पत्र्याचं आणि नळ्यांचं असतं. त्यात कॅलिपरला आत खोल कोपरे आहेत. वीजभाराची पावडर अशा कोपऱ्यांत शिरायला कुरकुर करते, तिथे थर पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

तरीही, नीट केलेली पावडर रंगापेक्षा चिवट असते. खडी उडून लागली तर टवका कमी उडतो. ब्रेक ऑइल साध्या रंगाचा साफ पापुद्रा काढतं, त्यालाही ती जास्त दाद देत नाही. मित्राच्या या गोष्टी खऱ्या. ‘आयुष्यभर’ मात्र खरं नाही. टवका उडालाच तर ब्रशने डागडुजी करता येत नाही, पुन्हा सगळं खोला आणि भट्टीत घाला. रंगाचा टवका उडाला तर रविवारी सकाळी पोहे व्हायच्या आत तुम्ही तो भरून काढता.

उष्णतेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ओंकारेश्वरचं लिहिलंत म्हणून सांगते. इंदूरच्या रहदारीत कॅलिपर हाताला चटका देण्याइतका तापतो, त्याने रंग आणि पावडर दोन्हींचं काही बिघडत नाही. सिमरोल सोडल्यावर भेरूघाट लागतो, माळव्याचं पठार संपून रस्ता निमाडात उतरतो, तिथे मात्र पाय ब्रेकवरच ठेवून भरलेली गाडी उतरवली तर डिस्क शेकडो अंशांवर जाते आणि कॅलिपर तिच्या शेजारीच बसलेला असतो. साध्या पॉलिएस्टर पावडरचा लाल अशा वेळी काळपटतो. एनॅमल रंग असेल तर जळून पापुद्रे सुटतात. पण घाटात मला रंगाची काळजी नसते, ब्रेक ऑइलची असते. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना कमीत कमी 205 अंश, पाणी प्यायल्यावर 140. डॉट 4 चे तेच आकडे 230 आणि 155. हे खालचे आकडे साधारण पावणेचार टक्के पाणी धरून आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल सरळ तळाला जातं.

आता सांगा, 2017 ची गाडी, मार्चमध्ये तुमच्याकडे आली, तिचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? पत्रात त्याचा उल्लेख नाही. दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि सेकंडहँड गाडीत बऱ्याचदा ते कुणीच बदललेलं नसतं. फेब्रुवारीच्या आधी हे काम करून घ्या, ऑइलच्या टाकीच्या टोपीवर जे डॉट लिहिलंय तेच घालून, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून. आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. अलॉयवर जेवढे गेले त्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

बाबा म्हणतात रंगाने गाडी थांबते का. नाही थांबत. पण त्यांचं वाक्य उलटं करून त्यांनाच विचारा: ‘बाबा, ब्रेक ऑइल बदलायला नेतोय, पिना आणि पॅडही बघून घेतो, येता का?’ मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून चाकाआड बघायला मिळालं की ते रंगाला हरकत घेणार नाहीत असा माझा अंदाज आहे. त्यांची भीती ब्रेकला कुणीतरी अर्धवट हात लावेल याची आहे, आणि भट्टीवाल्याचं वाक्य ऐकल्यावर मी त्यांच्याच बाजूची आहे.

रंग कसा लावायचा, ते आता. सियागंजात गेलात तर कुणीतरी गेटचा लाल एनॅमल हातात देईल, स्वस्तात. तो घेऊ नका. दोन प्रकार चालतात: उष्णता सोसणारा स्प्रे, नाहीतर रंग आणि हार्डनर मिसळून ब्रशने लावायचा कॅलिपरचा रंग. मी दुसरा घेईन. स्प्रेचा फवारा डिस्कवर, पॅडवर, टायरवर जातो आणि झाकाझाकीतच दिवस जातो. शिवाय उष्णता सोसणारे बरेच स्प्रे गरम झाल्याशिवाय पुरते कडक होत नाहीत, तोवर त्यांच्यावर ब्रेक ऑइलचा एक थेंब पडला तरी पापुद्रा निघतो. हार्डनरचा रंग डब्यातच रासायनिक क्रियेने कडक व्हायला लागतो, म्हणून तो थोडा थोडाच कालवा.

डिसेंबर-जानेवारी इंदुरात या कामाला उत्तम. हवा कोरडी, धातू थंड, फक्त सकाळचं दव जाऊ द्या. (जुलैत काळ्या मातीचा चिखल चाकात घेऊन आणि दमट हवेत रंग लावून मग ‘टिकला नाही’ म्हणणारे मला दरवर्षी पत्रं लिहितात.) गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, हँडब्रेक लावून, मागच्या चाकाला वीट. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड द्या आणि चाक काढा. ब्रेकची धूळ फुंकू नका, हवा मारून उडवू नका, ती तुमच्याच छातीत जाते. ओलं करून पुसा. वाळल्यावर तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, अगदी चकचकीत धातू दिसायची गरज नाही, पण ब्रशखाली पूड पडायची थांबली पाहिजे. मग ब्रेक क्लीनरने धुवा आणि नंतर त्या जागेला बोट लावू नका, बोटाचं तेलही रंगाला नको असतं. रबरं, पिना, निपल, पॅड आणि डिस्क टेपने झाका. चाक जिथे हबवर टेकतं तो सपाट भागही कोरा राहू द्या, वर सांगितलेली बोल्टची गोष्ट तिथेही लागू आहे.

मग पातळ दोन हात मारा, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ देऊन. जाड एकच हात मारला की ओघळ येतात आणि तेच पुढे सुटतात. आतली बाजू सोडून द्या, ती बघायला कुणी येत नाही. रात्रभर वाळू द्या, डबा जास्त सांगत असेल तर जास्त. चाक लावताना नट एकाआड एक आवळा आणि शंभरएक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना लावा. कॅलिपर काढायचा मोह झालाच, तर तो रबरी नळीला लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. आणि परत बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक लागेपर्यंत चार-पाचदा दाबा. मागे ढकललेला पिस्टन पुढे यायला तेवढं लागतं. पहिल्या दाबाला पेडल खाली जातं, आणि ते तेव्हा कळावं जेव्हा गाडी घरासमोर उभी आहे.

रंगावर कधी ब्रेक ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, ते पाण्यात विरघळतं.

पावडरचं वेड अगदीच जात नसेल, किंवा हे वाचणाऱ्या कुणाचा पिस्टन खरंच अडकत असेल, सील गळत असेल, जुनी गाडी पहिल्यापासून उभी करायची असेल, तर कॅलिपर एवीतेवी खोलावाच लागणार आहे. तेव्हा पावडर बिनधास्त करा, मी स्वतः तेच करीन. त्यातही एक सोय आहे. छोट्या ग्वालटोलीत किंवा कबाड्याकडे त्याच मॉडेलची जुनी जोडी मिळाली तर ती घ्या, पिस्टन काढून तपासा, पिस्टनवर खड्डे असतील तर पिस्टन नवे. सावकाश ब्लास्टिंग, कोरी भट्टी, मग पावडर, नवी सील किट, आणि एका दिवशी अदलाबदल. गाडी अडून राहत नाही आणि मिस्त्री घाई करत नाही. फक्त डावा-उजवा नीट खूण करून ठेवा. उलटे बसले तर हवा काढायचं निपल खाली येतं, आतली हवा वरच्या बाजूला अडकून राहते, आणि कितीही पेडल मारलं तरी ब्रेक मऊच लागतो. चांगल्या मिस्त्र्यांनी यावर आख्खी दुपार घालवलेली मी पाहिली आहे, आणि शेवटी चहा घेऊन आलेल्या पोऱ्याने ‘उस्ताद, निपल नीचे क्यों है?’ विचारलं.

मागे ड्रम निघाले तर त्यांना लाल करू नका, बाहेरून उष्णता सोसणारा काळा एक हात मारा. दुकानात लाल घेतानाच काळ्याचा छोटा डबाही घ्या, म्हणजे परत फेरी नको.